शेजारधर्माचा हुतात्मा : गणेश शंकर विद्यार्थी

आपल्या मराठीत 'शेजारधर्म' असा एक साधा, घरगुती शब्द आहे. विरजणाला चमचाभर दही देणे, अवेळी पाहुणे आले की वाटीभर साखर उसनी देणे, रात्री-अपरात्री कुणाचे दुखणे निघाले तर दिवा घेऊन धावत जाणे, एवढ्याच गोष्टी या शब्दाबरोबर आपल्या डोळ्यांपुढे येतात. पण या लहानशा शब्दात 'धर्म' हा मोठा शब्द दडलेला आहे, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. शांततेच्या दिवसांत हा धर्म पाळायला फारसे काही लागत नाही. शहर पेटलेले असते, शेजारी दुसऱ्या धर्माचा असतो आणि आपलेच लोक त्याच्या दारावर चाल करून येतात, तेव्हा त्याची खरी किंमत कळते. ही किंमत ज्यांनी पुरेपूर मोजली, अशा एका संपादकाची ही कहाणी आहे. त्यांचे नाव गणेश शंकर विद्यार्थी. हिंदी प्रदेशात हे नाव घराघरांत ठाऊक आहे. महाराष्ट्रात मात्र ते बहुधा भगतसिंगांच्या चरित्रात ओझरते येते आणि तेवढ्यावरच राहून जाते.

गणेश शंकर यांचा जन्म २६ ऑक्टोबर १८९० रोजी अलाहाबादला, आजोळी झाला. मूळ घर फतेहपूर जिल्ह्यातील हथगावचे. वडील जयनारायण हे ग्वाल्हेर संस्थानात शाळामास्तर होते. त्यामुळे मुलाचे बालपण मुंगावली, विदिशा अशा लहान गावांत गेले. कायस्थांच्या घरांत त्या काळी उर्दू-फारसीची परंपरा असे. गणेश शंकर यांचेही पहिले शिक्षण उर्दूत झाले. हिंदीची गोडी पुढे लागली. शेजाऱ्याची भाषा आपली म्हणून शिकलेल्या माणसाला शेजाऱ्याचे सुखदुःख परके वाटत नाही. त्यांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१९०७ साली एन्ट्रन्सची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर ते अलाहाबादच्या कायस्थ पाठशाळेत दाखल झाले. परंतु घरची ओढगस्त अशी, की कॉलेजचे शिक्षण अर्ध्यावर सुटले. कानपूरच्या करन्सी ऑफिसात कारकुनी केली, मग एका शाळेत मास्तरकी केली. मन दोन्हीकडे रमले नाही. ओढा होता तो वाचनाकडे आणि लेखनाकडे. माणूस जन्मभर शिकत असतो, म्हणून त्यांनी आपल्या नावापुढे 'विद्यार्थी' हा शब्द जोडला आणि तो शेवटपर्यंत मिरवला. ज्यांना पदवी मिळाली नाही त्यांनी हे नाव घ्यावे आणि पदवी हाती पडताच आपण ते टाकून द्यावे, यावर आपल्या महाविद्यालयातल्या प्रत्येकाने थोडा विचार करावा.

१९११ मध्ये महावीरप्रसाद द्विवेदी यांनी त्यांना 'सरस्वती' मासिकात साहाय्यक म्हणून घेतले. भाषा कशी घासूनपुसून वापरावी हे ते तेथे शिकले. पुढे पंडित मदनमोहन मालवीय यांच्या 'अभ्युदय'मध्ये त्यांनी काम केले आणि ९ नोव्हेंबर १९१३ रोजी मित्रांच्या मदतीने कानपुरात स्वतःचे 'प्रताप' हे साप्ताहिक सुरू केले. गाठीला पैसा नव्हता. फीलखान्यातल्या त्या छापखान्यात संपादकापासून अंक बांधणाऱ्यापर्यंत सर्व कामे हाताने करावी लागत. तेव्हा त्यांचे वय होते तेवीस.

कानपूर हे गाव मराठी माणसाला अगदीच परके नाही. शेवटचे पेशवे दुसरे बाजीराव गंगाकाठी जेथे राहिले ते बिठूर त्याच्या शेजारीच आहे, आणि १८५७ च्या नानासाहेबांची रणभूमीही हीच. पण विसाव्या शतकाच्या आरंभीचे कानपूर हे गिरण्यांचे, कातड्याच्या कारखान्यांचे, धुराचे आणि दाटीवाटीच्या मोहल्ल्यांचे शहर होते. खेड्यापाड्यांतून आलेले हिंदू आणि मुसलमान कामगार एकाच भोंग्यावर उठत आणि एकाच साच्यावर राबत. 'प्रताप' निघाला त्याच वर्षी रस्ता रुंद करण्यासाठी मच्छली बाजारातील मशिदीचा एक भाग पाडण्यात आला होता. ३ ऑगस्ट १९१३ रोजी जमलेल्या मुसलमानांवर पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मारली गेली आणि साऱ्या देशात खळबळ उडाली. अखेर व्हाइसरॉय हार्डिंग यांना स्वतः येऊन तडजोड करावी लागली. अशा जखमी शहरात अवघ्या तीन महिन्यांनी हे पत्र जन्माला आले.

'प्रताप'ने थोड्याच काळात आपली जागा मिळवली, कारण ज्यांना बोलता येत नव्हते त्यांच्या वतीने ते बोलत असे. चंपारणच्या निळीच्या शेतकऱ्यांची हालहवाल त्यात आली, कानपूरच्या गिरणी कामगारांची गाऱ्हाणी आली, संस्थानी प्रजेचे हाल आले. जानेवारी १९२१ मध्ये रायबरेलीजवळ मुन्शीगंज येथे शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. 'प्रताप'ने त्याची हकीकत निर्भीडपणे छापली. त्यावरून एका तालुकदाराने बदनामीचा खटला भरला, आणि विद्यार्थींना तुरुंगात जावे लागले. सगळ्या आयुष्यात मिळून ते पाच वेळा तुरुंगात गेले. कोठडीतही त्यांची लेखणी थांबली नाही. व्हिक्टर ह्यूगोच्या 'नाइंटी-थ्री' या कादंबरीचा त्यांनी 'बलिदान' या नावाने हिंदी अनुवाद केला.

छापखान्याच्या माडीवर आणखी एक काम चाले. घरदार सोडून आलेल्या क्रांतिकारक तरुणांना तेथे आसरा मिळे. लाहोरहून पळून आलेला भगतसिंग नावाचा तरुण १९२४ च्या सुमारास 'बलवंत' या नावाने 'प्रताप'मध्ये काम करीत होता. काकोरी खटल्यातील आरोपींच्या बचावासाठी 'प्रताप'ने मदत उभी केली. रामप्रसाद बिस्मिल यांनी फाशीच्या कोठडीत लिहिलेले आत्मचरित्र याच छापखान्यातून बाहेर पडले. आर्यसमाजी बिस्मिल आणि नमाजी अशफाकउल्ला खान यांच्या मैत्रीची हकीकत त्यात आहे. दोघेही १९ डिसेंबर १९२७ या एकाच दिवशी निरनिराळ्या तुरुंगांत फासावर गेले. विद्यार्थी स्वतः गांधींच्या मार्गाने जाणारे. तरीही मार्ग वेगळा म्हणून माणूस परका, असे त्यांनी कधी मानले नाही.

असहकाराच्या चळवळीत हिंदू-मुसलमान खांद्याला खांदा लावून उभे राहिले होते. ती चळवळ ओसरताच उत्तर हिंदुस्थानात दंग्यांची साथ आली. १९२४ मध्ये कोहाटसारख्या ठिकाणी भीषण प्रकार घडले. मशिदीपुढचे वाद्य, गाईचा प्रश्न, शुद्धी आणि तबलीग यांवरून रोज नवी ठिणगी पडे. हिंदी पत्रे हिंदूंची बाजू आणि उर्दू पत्रे मुसलमानांची बाजू घेऊन लिहू लागली, कारण तसे लिहिले की खप वाढे. विद्यार्थी मात्र दोघांनाही सुनावत राहिले. मूठभर हिकमती माणसे धर्माच्या आड उभी राहून साध्याभोळ्यांच्या श्रद्धेचा व्यापार करतात, आणि मारणारे व मरणारे दोघेही गरीबच असतात, असा त्यांच्या लेखनाचा रोख असे. पूजा-नमाजाचे अवडंबर आणि चांगले आचरण यांची निवड करायची झाली, तर ते आचरणाला धर्म म्हणत. असे लिहिणारा माणूस दोन्हीकडच्या कडव्यांना नकोसा होतो. विद्यार्थी दोघांनाही नकोसे झाले, आणि याची त्यांना जाणीवही होती.

या काळात त्यांचे सार्वजनिक कार्य वाढतच होते. १९२५ साली कानपुरात सरोजिनी नायडू यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्याच्या व्यवस्थेचा मोठा भार त्यांच्यावर होता. १९२६ ते १९२९ ते संयुक्त प्रांताच्या कायदेमंडळात होते. १९३० मध्ये गोरखपूरच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. त्याच वर्षी मिठाच्या सत्याग्रहाच्या लाटेत ते पुन्हा पकडले गेले. गांधी-आयर्विन करार झाला आणि मार्च १९३१ मध्ये ते तुरुंगातून बाहेर आले. त्यांच्या आयुष्याचे आता जेमतेम दोन आठवडे उरले होते.

२३ मार्च १९३१ च्या संध्याकाळी लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे शिवराम राजगुरू यांना फाशी देण्यात आले. दुसऱ्या दिवशी बातमी कानपुरात येऊन पोहोचली. ज्याला 'प्रताप'च्या माडीवर पोटच्या पोरासारखे वागवले, त्याच्या मरणाचा शोक करायलाही विद्यार्थींना सवड मिळाली नाही. शहरात हरताळ पुकारला गेला. काही मुसलमान दुकानदार दुकाने बंद करायला तयार नव्हते. सत्याग्रहाच्या वर्षात दोन्ही समाजांची मने आधीच दुरावली होती. आग्रहाचे रूपांतर जबरदस्तीत झाले, जबरदस्तीचे दगडफेकीत, आणि दुपार कलण्याच्या आत शहरात जाळपोळ सुरू झाली. देवळे जळली, मशिदी जळल्या, दुकाने लुटली गेली. पोलीस बहुतेक ठिकाणी हाताची घडी घालून उभे होते. पुढे सरकारनेच नेमलेल्या चौकशी समितीलाही पोलिसांच्या या निष्क्रियतेवर ठपका ठेवावा लागला. सरकारी हिशेबाप्रमाणेही त्या दंग्यात शेकडो माणसे मेली.

कराचीला काँग्रेसचे अधिवेशन होते आणि विद्यार्थी तेथे जाणार होते. ते कानपुरातच थांबले. २४ तारखेचा सारा दिवस ते गल्ल्यागल्ल्यांतून फिरत राहिले. त्यांच्याजवळ काठी नव्हती, पिस्तूल नव्हते, पोलिसांची तुकडी नव्हती. अठरा वर्षे याच शहरात काढल्याने मिळालेली ओळख तेवढी होती. कुठल्या मोहल्ल्यात कुणाची घरे आहेत, कुठल्या माणसाचा शब्द जमाव ऐकेल, कुणाच्या वाड्यात चार कुटुंबे लपवता येतील, हे त्यांना पाठ होते. शांततेच्या काळात जोडलेली माणसेच अशा वेळी उपयोगी पडतात. दंगा सुरू झाल्यावर ओळखी काढायला गेलो तर दारे उघडत नाहीत.

२५ मार्चला सकाळी ते पुन्हा बाहेर पडले. बंगाली मोहाल, पटकापूर या भागांत वस्ती मुख्यतः हिंदूंची; मध्ये मुसलमानांची घरे अडकलेली. दारे आतून लावून, मुलांच्या तोंडांवर हात ठेवून ही माणसे बसलेली. बाहेर जमाव आपल्याच धर्माचा, आपल्या ओळखीचा. विद्यार्थी त्या जमावापुढे उभे राहिले. धर्माच्या लोकांविरुद्ध उभे राहणे हे शत्रूविरुद्ध उभे राहण्याहून कठीण असते. शत्रू फार तर जीव घेतो, आपली माणसे आधी आपल्याला द्रोही म्हणतात. कुणाला समजावून, कुणाला दटावून, कुणाला हात जोडून त्यांनी घरे उघडवली आणि बायकामुलांसह अनेक मुसलमान कुटुंबांना सुरक्षित जागी पोहोचवले. त्या दिवशी वाचलेल्यांचा आकडा दीडशे-दोनशेच्या घरात सांगितला जातो.

मग खबर आली, की मुसलमान वस्तीत, चौबेगोल्याच्या बाजूला, तसेच हिंदू अडकले आहेत. दुपार टळून गेली होती. पोटात अन्न नव्हते. बरोबर मोजके स्वयंसेवक होते. ते तिकडे निघाले. सकाळी जे काम हिंदू गल्लीत केले, तेच आता मुसलमान गल्लीत करायचे होते. त्यांचा हिशेब सरळ होता : ज्या गल्लीत जो थोडा, त्या गल्लीत तो आपला. बंगाली मोहालात मुसलमान थोडे होते म्हणून तेथे ते मुसलमानांचे झाले. चौबेगोल्यात हिंदू थोडे होते म्हणून तेथे हिंदूंचे झाले. यात त्यांना पक्ष बदलावा लागला नाही. त्यांचा पक्ष एकच होता, एकट्या पडलेल्या शेजाऱ्याचा.

पुढची हकीकत प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी सांगितली ती अशी. तेथल्या काही मुसलमानांनी त्यांना ओळखले. यांनीच सकाळी आपल्या माणसांना वाचवले, हे त्यांनी इतरांना सांगितले, आणि पहिला जमाव थांबला. पण दुसऱ्या बाजूने आणखी एक जमाव आला. त्याला ओळखही नको होती आणि ऐकायचेही नव्हते. कुणीतरी विद्यार्थींना गल्लीत ओढून पळवून नेण्याचा प्रयत्न केला, पण पाठ दाखवून पळायला ते तयार झाले नाहीत. लाठ्या-सुऱ्यांचे घाव पडले आणि ते कोसळले. दोन दिवस त्यांचा पत्ता नव्हता. २७ मार्चला इस्पितळात प्रेतांच्या राशीत त्यांचा देह सापडला. चेहरा ओळखू येत नव्हता. अंगावरची खादी आणि खिशातली पत्रे यांवरून ओळख पटली. २९ मार्चला, कराचीत काँग्रेस भरली त्याच दिवशी, गंगेच्या काठी त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले. चाळीस वर्षांचे आयुष्य संपले.

कराचीला ही बातमी पोहोचली तेव्हा सारे अधिवेशन सुन्न झाले. असे मरण आपल्यालाही यावे, असे गांधींना वाटले. या रक्ताने आज ना उद्या दोन्ही समाजांची मने सांधली जातील, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. काँग्रेसने डॉ. भगवानदास यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तीत हिंदू आणि मुसलमान दोन्ही सभासद होते. या समितीने नुसत्या दंग्याची हकीकत न लिहिता हिंदू-मुसलमान संबंधांचा शेकडो वर्षांचा इतिहास तपासला, आणि हे वैर अनादी नाही, ते वाढवले गेले आहे, असा निष्कर्ष काढला. १९३३ मध्ये हा अहवाल निघाला आणि सरकारने तो लगोलग जप्त केला. तो पुन्हा छापून सर्वसामान्य वाचकांच्या हाती यायला अनेक दशके जावी लागली.

आता एक अवघड प्रश्न उरतो, आणि तो टाळून हे चरित्र सांगता येणार नाही. ज्यांच्या जातभाईंना सकाळी वाचवले, त्यांच्याच मोहल्ल्यात संध्याकाळी मरण आले. मग त्या चांगुलपणाचे फळ काय? असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असेल आणि आजही विचारला जातो. विचारणाऱ्याच्या आवाजात बहुधा एक छुपे समाधान असते, की बघा, आम्ही म्हणतच होतो.

या प्रश्नातच एक गफलत आहे. मारणारा जमाव म्हणजे सारे मुसलमान, असे धरले तर बंगाली मोहालात दारे फोडू पाहणारा जमाव म्हणजे सारे हिंदू, असेही धरावे लागेल. आणि मग विद्यार्थी कुणात मोडतात? त्यांना ओळखून जमाव थोपवणारे ते मुसलमान कुणात मोडतात? दुसरी गोष्ट अशी, की विद्यार्थींनी कुणाशी सौदा केला नव्हता. मी तुमची माणसे वाचवतो, तुम्ही मला वाचवा, असा करार शेजारधर्मात नसतो. विरजण देताना उद्या दूध परत मिळेल का, हे आपण पाहत नाही. आणि फळच मोजायचे असेल, तर बंगाली मोहालातून त्या सकाळी जी मुले आईच्या कडेवर बसून जिवंत बाहेर पडली, त्यांच्यापासून मोजायला सुरुवात करावी. ती मोठी झाली असतील, त्यांना मुलेबाळे झाली असतील. त्यांच्या घरात त्या संपादकाचे नाव कुणी घेतले असेल किंवा नसेलही. त्याने त्या कामाची किंमत कमी होत नाही.

हे मरण एकाकी राहिले नाही. पंधरा वर्षांनी, १ जुलै १९४६ रोजी, अहमदाबादेत रथयात्रेच्या दिवशी दंगा उसळला. वसंतराव हेगिष्टे हा मराठी तरुण आणि रजब अली लाखाणी हा त्याचा मुसलमान मित्र, दोघे सेवादलाचे कार्यकर्ते, जमावाला आवरायला एकत्र गेले आणि एकत्रच मारले गेले. 'वसंत-रजब' ही दोन नावे गुजरातेत जोडीनेच घेतली जातात. १९४७ च्या सप्टेंबरात कलकत्त्यात सचिन मित्र शांततेसाठी फिरत असताना प्राणास मुकले. पुढे ३० जानेवारी १९४८ रोजी, दिल्लीच्या मुसलमानांना निर्भयपणे राहता यावे म्हणून उपोषण करून पंधरवडाही उलटला नाही तोच, स्वतः गांधीही त्याच वाटेने गेले. विद्यार्थींसारखे मरण त्यांना खरोखरच आले.

कानपूर आपल्या संपादकाला विसरले नाही. तेथील वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचे नाव दिले गेले. १९६२ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. पण पुतळे, तिकिटे, संस्थांची नावे यांत अशा माणसाला बसवून टाकले, की आपली सुटका झाली असे आपल्याला वाटते. हुतात्मे थोर आणि आपण सामान्य, अशी वाटणी केली की काम संपते.

त्यांचा शेवटचा दिवस पाहिला तर त्यात अलौकिक असे फारसे काही आढळत नाही. शेजारी कोण राहतो हे त्यांना ठाऊक होते. त्याची भाषा त्यांना येत होती. त्याच्याविषयी उठलेल्या कंड्या त्यांनी आपल्या पत्रात छापल्या नव्हत्या. आणि वेळ आली तेव्हा ते घराबाहेर पडले. यांतल्या पहिल्या तीन गोष्टी कुणालाही, कोणत्याही साध्या दिवशी करता येतात. आपल्या वर्गात, वसतिगृहात, चाळीत, मोहल्ल्यात त्या करायला ना दंग्याची वाट पाहावी लागते, ना हौतात्म्याची. चौथी गोष्ट फार थोड्यांच्या वाट्याला येते. पण ज्याने पहिल्या तीन केलेल्या असतात, त्याचे पाऊल त्या दिवशी उंबऱ्यात अडखळत नाही.